टेम्परेचर बरोबर होतं, तरी पिल्लं का गेली? थंडीतली उबवणी आणि ब्रुडिंग सोप्या भाषेत

थंडी पडली की कोंबड्या पाळणाऱ्यांचे दोन प्रश्न हमखास येतात. पहिला असा की अंडी उबवायच्या मशीनवर पूर्ण वेळ ३७.५ अंश दाखवत होतं, अंडी पण चांगली होती, मग २१ दिवस झाले तरी निम्मी अंडी फुटलीच नाहीत, आणि फोडून बघितलं तर आत पूर्ण वाढलेलं पिल्लू मेलेलं, असं का? दुसरा प्रश्न जरा उशिरा येतो. पिल्लं निघाली, बल्ब लावला, चारी बाजूंनी ताडपत्री बांधली, आत हात घातला तर मस्त गरम लागतंय, तरी चौथ्या-पाचव्या दिवसापासून रोज दोन-चार मरायला लागली.

दोन्ही वेळेला लोक थंडीला शिव्या देऊन मोकळे होतात. थंडीचा दोष आहेच, पण आपण समजतो तसा सरळ नाही. उब तयार करणं आजकाल फार अवघड राहिलेलं नाही, तापमान आपोआप राखणारा थर्मोस्टॅट ते काम बरं करतो. घोळ होतो तो बहुतेक वेळा हवेतल्या पाण्याचा, आणि त्यात गंमत अशी की तीच बाहेरची थंड हवा मशीनमध्ये गेली की नको तेवढी कोरडी होते आणि शेडमध्ये कोंडून ठेवली की नको तेवढी ओली होते. म्हणजे एकाच मोसमात एकाच माणसाला दोन उलट्या गोष्टी सांभाळाव्या लागतात, आणि सल्ला देणारे सहसा एकीबद्दलच बोलतात.

आधी अंड्यात काय चालतं ते बघू

कोंबडीचं अंडं उबायला २१ दिवस लागतात. पंखा असलेल्या मशीनमध्ये साधारण ३७.५ अंश सेल्सिअस धरतात. पंखा नसेल तर वर गरम आणि खाली गार असे थर पडतात म्हणून अंड्याच्या वरच्या बाजूला मोजून अंशभर जास्त ठेवतात. पहिले १८ दिवस अंडी दिवसातून तीन ते पाच वेळा फिरवायची, नंतर फिरवणं बंद. इतपत सगळ्यांना माहीत असतं.

कमी लोकांच्या लक्षात येतं ते हे, की अंडं हळूहळू वाळावं लागतं. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, त्यातून आतलं पाणी वाफ होऊन बाहेर जातं आणि तेवढी जागा हवा घेते. अंड्याच्या बोथट टोकाला जी हवेची पोकळी असते ती त्यामुळे रोज थोडी थोडी मोठी होते. पिल्लू बाहेर यायच्या आदल्या दिवशी आधी या पोकळीत चोच घालतं आणि आयुष्यातला पहिला श्वास तिथे घेतं, कवच नंतर फोडतं. १८ दिवसांत अंड्याचं वजन साधारण ११ ते १३ टक्के कमी व्हायला हवं. कमी उतरलं तर पोकळी छोटी राहते, पिल्लू फुगलेलं, ओलं असतं आणि आतल्या आत गुदमरतं. जास्त उतरलं तर पिल्लू बारकं, अशक्त निघतं आणि आतला पातळ पडदा सुकून त्याच्या अंगाला चिकटतो, मग त्याला वळताच येत नाही. थंडीत मशीनमध्ये पाणी नसेल तर होतं ते हे दुसरं.

थंड हवा मशीनमध्ये कोरडी का पडते

इथे एक शब्द समजून घ्यावा लागेल, सापेक्ष आर्द्रता, म्हणजे आपण ज्याला नुसतं ह्युमिडिटी म्हणतो ती. हवेत किती वाफ आहे एवढंच ही टक्केवारी सांगत नाही. त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते त्याच्या किती टक्के आत्ता आहे, ते सांगते. आणि गरम हवा थंड हवेपेक्षा कितीतरी जास्त वाफ धरते.

वाटीभर पाणी मोठ्या पातेल्यात ओतल्यासारखं समजा. वाटीत ते काठोकाठ होतं, पातेल्यात जेमतेम तळ ओला झाला, पाणी तेवढंच. बाहेर ५ अंश असताना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ७ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. ३७.५ अंशाला तेवढ्याच हवेत सुमारे ४५ ग्रॅम मावते. त्यामुळे बाहेर धुकं आहे, मीटर १०० टक्के दाखवतोय, आणि ती हवा मशीनने आत ओढून गरम केली तर आत फक्त १३-१४ टक्के उरते! हेच २५ अंशाच्या दमट दिवशी बाहेर ८० टक्के असेल तर आत ४० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून पावसाळ्यात जो माणूस मशीनमध्ये पाणी न घालता चांगली पिल्लं काढतो तोच थंडीत तसंच करून तोंडावर पडतो, आणि "बाहेर तर एवढं धुकं होतं" म्हणून चकित होतो.

पहिले १८ दिवस ४५ ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के ह्युमिडिटी धरतात. वाढवायची असेल तर भांडं खोल करून काही होत नाही, पाण्याचा पृष्ठभाग वाढवावा लागतो, म्हणजे उथळ पसरट ट्रे किंवा पाण्यात उभा ठेवलेला स्पंज. आणि पाणी कोमट घाला, थंडीत गारेगार पाणी ओतलं की मशीनचं टेम्परेचर तासभर गडगडतं.

मग भरपूर पाणी भरून ठेवलं की झालं ना?

नाही, मग अंडं वाळणारच नाही. मुळात टक्क्यांच्या मागे फार लागू नका असं मी म्हणेन, कारण स्वस्तातले मीटर पाच-दहा टक्के इकडे तिकडे सहज दाखवतात. अंड्याचं वजन करा, ते फसवत नाही. दहा अंडी पहिल्या दिवशी ६०० ग्रॅम भरली असतील तर १८ व्या दिवशी ५२२ ते ५३४ ग्रॅम भरायला हवीत. मधे सातव्या आणि चौदाव्या दिवशी पण वजन करून बघायचं, वेगाने उतरत असेल तर पाणी वाढवायचं, उतरतच नसेल तर कमी करायचं. काटा नसेल तर अंधारात अंड्यामागे टॉर्च धरून पोकळी बघायची, याला कँडलिंग म्हणतात, सातव्या दिवशी आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर अंडं जिवंत आहे.

आणि शेवटचे तीन दिवस झाकण उघडायचं नाही. हे सांगून पण लोक उघडतात कारण चिवचिव ऐकू यायला लागते आणि राहवत नाही. थंडीत झाकण उघडलं की आतली ओली गरम हवा क्षणात जाते आणि बाहेरची येते ती गरम होऊन एकदम कोरडी, आणि ज्या पिल्लाने नुकतंच भोक पाडलंय त्याचा पडदा तिथल्या तिथे सुकायला लागतो. भोक पाडल्यापासून बाहेर यायला १२ ते २४ तास लागू शकतात, मधले बरेच तास ते काहीच करत नसल्यासारखं दिसतं, पण त्या वेळात ते उरलेलं रक्त आणि पिवळं बलक पोटात ओढून घेत असतं. आपण दया येऊन कवच सोललं तर रक्तस्राव होऊन मरतं. ते बलक पोटात असल्यामुळे निघालेलं पिल्लू दोन दिवस दाणापाण्याशिवाय पण तग धरतं, त्यामुळे अंग वाळेपर्यंत मशीनमध्येच राहू द्या, बाकीची निघेपर्यंत थांबलं तरी चालतं.

अंडी गोळा करताना

थोडक्यात सांगतो. उबवायची अंडी खुराड्यात रात्रभर पडू देऊ नका, कडक थंडीत दिवसातून तीन-चार वेळा उचला, गोठलेलं किंवा तडा गेलेलं अंडं उबत नाही. साठवायची तर १२ ते १८ अंशांत, निमुळतं टोक खाली करून, आठवड्याच्या आत मशीनला लावायची. फ्रिज त्यासाठी फार थंड पडतो. आणि थंडगार अंडं एकदम गरम मशीनमध्ये घालू नका, कवचावर दव जमतं आणि त्या पाण्याबरोबर वरची घाण छिद्रांतून आत जाते. काही तास खोलीत ठेवून मग लावा.

लाईट गेली तर सगळं संपलं का?

बहुतेक वेळा नाही. कोंबडी स्वतः दिवसातून एकदा उठून पंधरा-वीस मिनिटं खाऊन पिऊन येते, तेवढं अंडं गार होणं सोसतं, आणि काही तासांची थंडी पण बरीच अंडी काढतात, फक्त पिल्लं उशिरा निघतात. अंड्याला जास्त उष्णता जास्त घातक असते, ४०.५ च्या वर काही तास गेले तर मोठं नुकसान. त्यामुळे लाईट गेली की घाबरून गरम पाण्याच्या बाटल्या कोंबण्याआधी झाकण बंद ठेवा आणि वरून गोधडी टाका. पण हवेची भोकं मोकळी ठेवा, विशेषतः शेवटच्या आठवड्यात, कारण तेव्हा आतली पिल्लं स्वतःची उष्णता तयार करत असतात आणि त्यांना ऑक्सिजन भरपूर लागतो. अंडी बाद समजून फेकू नका, दोन-चार दिवसांनी टॉर्च मारून बघा.

पिल्लू निघालं, आता ते स्वतः गरम का राहत नाही

मोठ्या कोंबडीचं अंग ४१ अंशांच्या आसपास असतं आणि पिसं फुगवून ती ते राखते. नुकत्या निघालेल्या पिल्लाला नुसती लव असते, अंग छोटं, त्यामुळे उष्णता भराभर जाते आणि तयार करायची यंत्रणा अजून कच्ची. खरी पिसं यायला पाच-सहा आठवडे लागतात. तोपर्यंत बाहेरून उब द्यायची याला ब्रुडिंग म्हणतात. पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत २१ पर्यंत आणायचं. थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ठेवायचा, आपल्या डोळ्याच्या उंचीवर ठेवून उपयोग नाही.

आणि खालची गादी, म्हणजे भुसा किंवा भाताचं तूस जे पसरतो ते, गार असेल तर वरचा बल्ब कितीही चांगला असून फायदा नाही, पिल्लाची उष्णता पायातून जाते. म्हणून थंडीत गादी जाड टाकायची, चार-पाच इंच तरी, आणि पिल्लं यायच्या आदल्या दिवशीपासून ब्रुडर, म्हणजे पिल्लांना उब द्यायची बल्ब लावलेली जागा, चालू करून ठेवायचा. पाणीही पहिले दिवस कोमट द्या. एक सोपी तपासणी आहे, पिल्लू उचलून त्याचे पाय आपल्या गालाला किंवा मानेला लावून बघायचे, गार लागले तर पिल्लाला थंडी वाजतेय, थर्मामीटर काहीही म्हणो.

पिल्लं पण सांगतातच. सगळी बल्बखाली एकावर एक चढली आणि जोरजोरात ओरडतायत तर थंडी. लांब जाऊन चोच उघडून धापा टाकतायत तर जास्त गरम. सगळी एकाच बाजूला गोळा तर दुसऱ्या बाजूने वारा शिरतोय. सगळीकडे पसरून काही खातायत, काही झोपलीत, मंद चिवचिव आहे, तर जमलं.

आता तो चौथ्या-पाचव्या दिवसाचा प्रश्न. पहिल्याच रात्री थंडी वाजली की पिल्लू गोळा होऊन बसतं, दाण्यापाण्याकडे जातच नाही, आणि पोटातलं बलक नीट जिरत नाही, तिथे जंतू वाढतात. पोटातल्या त्या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस चालतं-फिरतं आणि मग कोसळतं. त्यामुळे मरतुक दिसायला लागते तेव्हा माणूस त्या दिवसाचं खाद्य, त्या दिवसाचं औषध यात कारण शोधत बसतो, आणि कारण पहिल्या रात्रीत असतं. म्हणून आल्या दिवशी रात्री काही पिल्लं उचलून गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपा, मऊ भरलेली लागली पाहिजे. रिकामी किंवा नुसती कडक लागली तर खाणं नाहीतर पाणी कमी पडलंय, त्याच रात्री दुरुस्त करा.

"पण कोंबडी तर थंडीत पण पिल्लं सांभाळते, तिच्याकडे कुठे थर्मामीटर आहे?"

हा आक्षेप मला आवडतो कारण त्यात उत्तर आहे. खुडूक कोंबडीच्या पोटाखालची पिसं गळून कातडी उघडी पडते आणि ती थेट अंड्याला टेकते. ती खोली गरम करत नाही, फक्त तेवढी जागा गरम करते. पिल्लं बाहेरच्या थंड हवेत पळतात, दाणे टिपतात, गार वाटलं की परत पोटाखाली. म्हणजे पिल्लाला अख्खी शेड ३५ अंश लागत नाही. एक गरम जागा आणि तिथून उठून जाता येईल अशी थंड मोकळी जागा, दोन्ही लागतात. उष्णता ब्रुडरच्या एका बाजूला किंवा मधोमध द्या आणि कडेला जागा सोडा, किती गरम पाहिजे ते पिल्लू ठरवेल.

कोंबडीलाच बसवणार असाल तर थंडीत अंडी कमी द्या, एरवी बारा-पंधरा देत असाल तर आठ-दहा. कडेचं अंडं गार पडतं, आणि कोंबडी अंडी फिरवत राहते त्यामुळे आज कडेला असलेलं उद्या मधे आणि मधलं कडेला, म्हणजे जास्त अंड्यांच्या हावेपायी थोडी थोडी सगळीच गारठतात.

सगळ्या फटी बुजवल्या की उब राहते, मग चुकलं कुठे?

आता पाण्याची दुसरी बाजू. १०० मोठ्या कोंबड्या दिवसाला २० लिटरच्या आसपास पाणी पितात. थोडं अंड्यांतून जातं, बाकीचं विष्ठेतून आणि श्वासातून शेडमध्येच येतं. रोज वीस लिटरच्या जवळपास पाणी शेडमध्ये ओततोय आणि दारंखिडक्या प्लास्टिकने बंद, जाणार कुठे ते? सकाळी पत्र्याला आतून थेंब लटकलेले दिसले तर समजायचं की हवा कोंडलीय.

ते पाणी गादीत मुरतं. ओल्या गादीत विष्ठा कुजून अमोनिया सुटतो, तोच डोळ्याला झोंबणारा वास. हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग अमोनिया झाला की पक्ष्यांच्या डोळ्यांना आणि श्वासनलिकेला इजा व्हायला लागते, मग सर्दी, खुरखुर, आणि त्यावर बसणारे श्वासाचे आजार. रोज शेडमध्ये वावरणाऱ्याच्या नाकाला तो वास लागेनासा होतो हा त्यातला मोठा धोका. बाहेरून आलेल्या माणसाला गुडघ्यावर बसून पिल्लांच्या उंचीवर वास घ्यायला सांगा. ओल्या उबदार गादीत रक्ती हगवणीचे जंतूही जोमात वाढतात. आणि ओली पिसं उब धरत नाहीत, म्हणजे उबेसाठी फटी बुजवल्या आणि कोंबडी जास्तच गारठली.

ब्रॉयलरमध्ये, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांत, आणखी एक भानगड होते. थंडीत अंग गरम ठेवायला ऑक्सिजन जास्त लागतो, त्याची वाढही भराभर चाललेली, आणि कोंडलेल्या शेडमध्ये ऑक्सिजन कमी. हृदयाला फुफ्फुसाकडे रक्त ढकलायला जास्त जोर लावावा लागतो, उजवी बाजू थकते आणि पोटात पाणी साठतं, तो जलोदर. थंडीच्या बॅचमध्ये पोट फुगून मरणारे पक्षी दिसतात त्यातले बरेच याचे असतात, आणि त्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो.

उपाय असा की वारा आणि हवा यात फरक करायचा. पिल्लाच्या अंगावर वारा नको, डोक्याच्या वरून हवा हवी. पडदा खालून बांधून वरून उघडेल असा लावा, रात्रीसुद्धा वरची थोडी फट ठेवा, दुपारी ऊन असताना चांगला खाली करा. वरून आलेली थंड हवा खाली येईपर्यंत आतल्या गरम हवेत मिसळते, आणि मशीनमध्ये जो नियम आपल्या मुळावर आला होता तोच इथे कामाला येतो, थंड हवा आत येऊन गरम झाली की कोरडी होते, गादीतलं पाणी शोषते आणि बाहेर घेऊन जाते. त्यासाठी थोडी जास्त वीज जळेल, जळू द्या. गादी रोज हलवा, पाण्याच्या भांड्याभोवतालचा ओला पट्टा काढून कोरडं टाका.

बल्ब, गॅस की कोळसा?

काहीही वापरा पण कोळशाची शेगडी किंवा गॅस असेल तर हवा खेळती ठेवणं ऐच्छिक राहत नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, पिल्लं सुस्त होऊन झोपल्यासारखी मरतात, आणि रात्री बघायला गेलेल्या माणसालाही तो सोडत नाही. मोठ्या इन्फ्रारेड दिव्याने आगी लागतात, भुशावर पडला की संपलं, म्हणून नुसत्या वायरवर टांगू नका, साखळीने वेगळं बांधा. एका मोठ्या दिव्यापेक्षा दोन लहान बरे, रात्री एक गेला तरी दुसरा असतो.

मोठ्या कोंबड्यांना पण गरम करायचं का?

सहसा गरज नाही. पूर्ण पिसं आलेली, कोरडी आणि पोट भरलेली कोंबडी शून्याच्या आसपासची थंडी सोसते. पाय झाकून बसता येईल अशी रुंद दांडी द्या, अंग गरम ठेवायला जास्त खाद्य खातात ते कमी पडू देऊ नका, संध्याकाळी थोडा मका चालतो, आणि पाणी गोठू देऊ नका, पाणी कमी प्यायली की खाणं पण कमी होतं. तुरा काळा पडतो तो गोठवणाऱ्या थंडीत हवा दमट असेल तर जास्त. अंडी कमी झाली म्हणून हीटर लावणारे असतात, पण त्याचं मोठं कारण दिवस लहान होणं हे आहे, दिवसाचा उजेड धरून १४ ते १६ तास प्रकाश मिळाला तर फरक पडतो.

मग थंडीत बॅच घ्यायचीच नाही का?

घ्या की, फक्त तारखा उलट्या मोजा. अंडी मशीनमध्ये असताना बाहेर किती थंडी आहे याने फारसं बिघडत नाही, पाणी आणि वजन सांभाळलं की झालं. अवघड असतात ते निघाल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे. त्यामुळे सगळ्यात कडाक्याचे दिवस अंडी मशीनमध्ये असताना जातील असं बघायचं, म्हणजे तुमच्याकडे थंडी उतरायला लागते त्याच्या तीन आठवडे आधी अंडी लावायची. पिल्लं निघतील तेव्हा रात्री सौम्य व्हायला लागलेल्या असतील, दर आठवड्याला ब्रुडरचं ३ अंश कमी करणंही आपोआप सोपं जाईल. आणि सहाव्या आठवड्यात उब एकदम काढू नका, आधी दिवसा बंद, रात्री चालू असं आठवडाभर चालवा, कारण पिसं आलेली पिल्लंसुद्धा अचानक उब गेली की रात्री कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची दबून मरतात.